चेन थोडी सैलच हवी!

शहरातल्या कोणत्याही मोठ्या चौकात सिग्नल सुटला, की इंजिनांच्या गुरगुराटात एक वेगळा आवाज हमखास ऐकू येतो. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा हा खडखडाट मोटारसायकलच्या मागच्या चाकाशेजारून येत असतो. गाडीच्या मालकालाही तो ऐकू येत असतो. पण गाडी धावते आहे, मायलेज फारसे घसरलेले नाही, मग घाई कसली, असा विचार करून महिने उलटतात. अखेर एक दिवस कंटाळून तो गॅरेजमध्ये जातो आणि 'तेवढा चेनचा आवाज बंद करा' असे सांगतो. मेकॅनिक दोन नट पिळतो, चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून देतो. आवाज थांबतो आणि मालक समाधानाने घरी जातो. वास्तविक गाडीच्या नुकसानीचा दुसरा अध्याय येथूनच सुरू झालेला असतो. सैल चेन वाईट हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु गरजेपेक्षा अधिक ताणलेली चेन त्याहून वाईट असते आणि ती मुळीच आवाज करत नसल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही.

चेनविषयीच्या या अनभिज्ञतेला आपल्याकडे थोडा इतिहास आहे. पुण्या-मुंबईतील मध्यमवर्ग दुचाकी शिकला तो प्रामुख्याने स्कूटरवर. १९७२ साली आलेल्या पेट्रोलवरील चेतकमध्ये इंजिनाची शक्ती गिअरमार्फत थेट मागच्या चाकाकडे जात असे. चेन हा प्रकारच नव्हता. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, तीही 'फिल इट, शट इट, फॉरगेट इट' अशी जाहिरात करीत. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, हा संदेश इंधनबचतीचा होता. अनेकांनी तो संपूर्ण गाडीलाच लागू केला! त्यात भारतीय कम्युटर मोटारसायकलींवर चेन पूर्णपणे झाकणारे पत्र्याचे कव्हर असते. धूळ, चिखल आणि पावसापासून चेनचे रक्षण करणारी ही अत्यंत उपयुक्त व्यवस्था आहे. मात्र तिच्यामुळे चेन दिसत नाही आणि डोळ्याआड गेलेली वस्तू मनाआडही जाते.

लांबते म्हणजे नेमके काय होते?

'चेन ताणली गेली' असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे बुश-रोलर प्रकारच्या चेनचे पेटंट घेतले. आजच्या मोटारसायकलची चेन मूलतः त्याच रचनेची आहे. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, पिनभोवती बुश नावाची पोकळ नळी आणि तिच्यावर फिरणारा रोलर असतो. चेन दातेरी चक्रावर, म्हणजे स्प्रॉकेटवर वळते तेव्हा पिन बुशच्या आत किंचित फिरते. एका फेरीत हे प्रत्येक सांध्यात अनेकदा घडते. तेथील वंगण संपले, की धातूवर धातू घासतो आणि दोन्हींची केसाएवढी झीज होते.

ही केसाएवढी झीजच पुढे सेंटीमीटरमध्ये मोजावी लागते. आपल्याकडच्या १०० ते १६० सीसीच्या बहुसंख्य गाड्यांवर ४२८ क्रमांकाची चेन असते. यातला पहिला आकडा एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचे अंतर इंचाच्या आठव्या भागात सांगतो. चार अष्टमांश म्हणजे अर्धा इंच, म्हणजेच १२.७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांवरील ५२० क्रमांकाच्या चेनमध्ये हेच अंतर पाच अष्टमांश इंच असते. समजा ४२८ च्या चेनमध्ये ११० कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यात केवळ ०.१ मिलिमीटर झीज झाली. संपूर्ण चेन ११ मिलिमीटरने लांब होते. तेवढी लांबी सामावून घ्यायची तर मागचे चाक जवळजवळ साडेपाच मिलिमीटर मागे सरकवावे लागेल. चेन ॲडजस्ट करणे म्हणजे नेमके हेच, चाक मागे नेणे. त्यामुळे चेनची झीज भरून निघत नाही, फक्त झिजलेल्या चेनला बसायला जागा मिळते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

थोडा सैलपणा कशासाठी?

चेन जर घट्ट बसली तर शक्ती अधिक चांगली पोहोचणार नाही का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मागच्या सस्पेन्शनमध्ये दडलेले आहे. मागचे चाक स्विंग आर्मच्या टोकाला बसवलेले असते. गॅरेजच्या भाषेत याला चिमटा म्हणतात. खड्डा आला किंवा मागे माणूस बसला, की हा चिमटा आपल्या खिळीभोवती वर-खाली होतो. पुढचे स्प्रॉकेट मात्र इंजिनाच्या बाहेर निघालेल्या दांड्यावर, खिळीच्या थोडे पुढे असते. दोन स्प्रॉकेटमधील अंतर म्हणूनच कायम सारखे राहत नाही. पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याची खीळ आणि मागच्या चाकाचा ॲक्सल हे तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत येतात, त्या क्षणी ते सर्वाधिक असते आणि चेन सर्वाधिक ताणली जाते.

गाडी स्टँडवर रिकामी उभी असताना मागचा ॲक्सल या रेषेच्या खाली असतो. दोन माणसे बसली, पुढे टाकीवर एखादे पोर आणि मध्ये भाजीची पिशवी आली, की चिमटा वर येतो आणि चेनमधला सैलपणा कमी होत जातो. स्टँडवरच जिला ढील नाही, ती चेन अशा वेळी कोठून देणार? चाक खड्ड्यात आदळले की सगळा हिसका पुढे गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर, त्याच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर बसतो. मागे चाकाच्या बेअरिंगवर. चेन तर झिजतेच. पुढच्या स्प्रॉकेटजवळून ऑइल गळू लागले, की कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात. गॅरेजमध्ये पिळलेल्या त्या दोन नटांची आठवण तेव्हा कोणाला होत नाही. चेन सेट बदलणे हे तासाभराचे काम आहे. गिअरबॉक्सचे बेअरिंग बदलायचे तर बहुतेक गाड्यांचे इंजिन उतरवून उघडावे लागते.

सैल चेनचा धोका निराळ्या प्रकारचा आहे. अति ढिली चेन कव्हरला घासते, ॲक्सिलरेटर दिला-सोडला की धक्के देते आणि स्प्रॉकेटच्या दातांवरून उडी मारते. क्वचित ती स्प्रॉकेटवरून उतरते. चालत्या गाडीत उतरलेली चेन मागच्या स्प्रॉकेट आणि चिमट्याच्या मध्ये अडकली, तर मागचे चाक जागच्या जागी जाम होते. पुढच्या बाजूला गोळा झाली तर इंजिनाचे आवरण फुटू शकते. घाट उतरताना, इंजिनाच्या ब्रेकवर गाडी सोडलेली असताना, चेनवरील ताण सतत उलटसुलट होत असतो. तेव्हा असे घडणे परवडणारे नाही.

मग नेमका किती सैलपणा हवा? रोजच्या वापरातील बहुतेक गाड्यांसाठी तो २० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. लांब सस्पेन्शनच्या, खडबडीत वाटांसाठी केलेल्या गाड्यांना याहून अधिक लागतो. आपल्या गाडीचा अचूक आकडा मालकाला मिळालेल्या पुस्तिकेत दिलेला असतो, अनेक गाड्यांवर चिमट्यावरील स्टिकरवरही छापलेला असतो. ही पुस्तिका बहुतेक घरांत आरसी बुक आणि विम्याच्या कागदांबरोबर कपाटात सुरक्षित असते. तिचा उपयोग करण्याची ही वेळ आहे.

मोजावे कसे

यासाठी मुलांच्या कंपासपेटीतील १५ सेंटीमीटरची पट्टी पुरेशी आहे. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी आणि गिअर न्यूट्रल करावा. काही कंपन्या साइड स्टँडवर मोजायला सांगतात. पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच करावे, कारण दोन्ही स्थितींत येणारा आकडा वेगळा असतो. पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांत कव्हरला एक छोटे रबरी झाकण असते. ते काढले, की आतली चेन दिसते आणि तिथूनच तपासणी करता येते. खालच्या बाजूच्या चेनचा, दोन स्प्रॉकेटच्या मधोमध येणारा भाग बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने वर उचलावा, त्या वेळची उंची पट्टीवर पाहावी. मग तो खाली दाबून पुन्हा पाहावी. या दोन टोकांमधले संपूर्ण अंतर म्हणजे चेनचा सैलपणा. पुष्कळ जण मधल्या स्थितीपासून फक्त खालचे अंतर मोजतात आणि त्यामुळे चेन हवी त्याच्या दुप्पट ढिली ठेवतात.

एकाच जागी मोजून थांबू नये. चाक हाताने थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे. चेन सगळीकडे सारखी झिजत नसल्याने एखाद्या ठिकाणी ती घट्ट, तर दुसरीकडे ढिली लागते. ॲडजस्टमेंट करायची ती सर्वांत घट्ट जागा धरून. ढिली जागा पाहून ताण दिला, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात घट्ट जागा आली की बेअरिंगला एक हिसका बसत राहील. घट्ट आणि ढिल्या जागांत फारच फरक असेल, तर पाने बाहेर काढण्याचे कष्टही घेऊ नयेत. त्या चेनचे आयुष्य संपले आहे.

येथे एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगितली पाहिजे. चेन तपासताना, पुसताना किंवा तिला ऑइल लावताना इंजिन कधीही चालू ठेवू नये. गाडी स्टँडवर, पहिला गिअर टाकलेला, चाक आपोआप फिरते आहे आणि एका हातातले फडके चेनवर धरले आहे, हे दृश्य गॅरेजमध्येच काय, सोसायटीच्या पार्किंगमध्येही पाहायला मिळते. काम पटकन होते हे खरे. पण फडक्याचा एक धागा दातात अडकला, की फडक्याबरोबर बोटे स्प्रॉकेटमध्ये ओढली जातात आणि हात मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही. बोटांची पेरे गमावण्याचा हा अगदी ठरलेला मार्ग आहे. चाक हातानेच फिरवावे, तेही टायर धरून. आऱ्यांमध्ये किंवा चेनजवळ बोटे घालून नव्हे. जवळपास खेळणाऱ्या मुलांना त्या अर्ध्या तासापुरते दूर पाठवावे.

चाक मागे नेताना

आवश्यक साहित्य फार नाही. ॲक्सलच्या नटाच्या मापाचे दोन चांगले रिंग पाने, ॲडजस्टरसाठी एक लहान पाना, पक्कड आणि फडके. फिक्स पान्याने ॲक्सलचा नट सोडवण्याचा प्रयत्न केला तर नटाचे कोपरे घासतात, म्हणून रिंग पानाच घ्यावा.

ॲक्सलच्या नटाला स्प्लिट पिन असेल तर ती प्रथम काढावी. नट पूर्ण काढायचा नाही, चाक सरकेल इतकाच सैल करायचा. ड्रम ब्रेकच्या अनेक गाड्यांत चेनच्या बाजूला, ॲक्सलवरच, आणखी एक मोठा नट असतो. त्याला स्लीव्ह नट म्हणतात. मागचे स्प्रॉकेट ज्या भागावर बसते, तो भाग या नटाने धरलेला असतो. तो सैल न करता ॲडजस्टर पिळत बसले, तर चाक हलत नाही आणि ॲडजस्टरचे आटे मात्र जातात. घरी प्रथमच हे काम करणारे बहुधा येथेच अडतात.

पुढची पायरी ब्रेकची. मागच्या ड्रम ब्रेकचा रॉड पायाखालच्या पेडलपासून चाकापर्यंत जातो. चाक मागे सरकले, की रॉड ओढला जातो आणि ब्रेक आपोआप लागू लागतो. त्यामुळे रॉडच्या टोकाचा नट आधीच काही फेरे सैल करावा. ब्रेक प्लेटला जोडलेल्या टॉर्क रॉडचा नटही सैल करावा लागतो. तो काम संपल्यावर घट्ट करणे आणि त्याची पिन पुन्हा बसवणे कधीही विसरता कामा नये. हा रॉड सुटला, तर ब्रेक दाबताक्षणी ब्रेक प्लेटच चाकाबरोबर फिरू पाहते आणि चाक जाम होऊ शकते.

आता चिमट्याच्या दोन्ही टोकांना असलेले ॲडजस्टर. लॉक नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टिंग नट समप्रमाणात फिरवावेत. एका बाजूला पाव फेरा दिला तर दुसऱ्या बाजूलाही पावच. चिमट्यावर दोन्ही बाजूंना रेघा कोरलेल्या असतात. ॲडजस्टरची खूण दोन्हीकडे एकाच रेघेवर यावयास हवी. तसे झाले नाही, तर चाक तिरके बसते. गाडी एका बाजूला ओढते, टायर वेडावाकडा झिजतो आणि चेन स्प्रॉकेटच्या दातांच्या कडा खाऊ लागते. रेघांवर शंभर टक्के विसंबू नये, असे माझे मत आहे. मागे उकिडवे बसून, एक डोळा मिटून चेनच्या रेषेत पाहिले, तर ती मागच्या स्प्रॉकेटवर सरळ येते की तिरकी, हे नवख्यालाही समजते. दातांची एकच बाजू आरशासारखी चकाकत असेल, तर चाक बऱ्याच दिवसांपासून तिरके चालले आहे असे समजावे.

ताण योग्य झाला, की ॲक्सलचा नट आवळताना चाक थोडे मागे-पुढे सरकून सगळी मेहनत वाया जाण्याचा संभव असतो. यावर अनुभवी मेकॅनिक एक युक्ती करतात. चेन मागच्या स्प्रॉकेटवर चढते त्या जागी फडक्याची जाड घडी ठेवून चाक हाताने किंचित फिरवायचे. घडी दात आणि चेनमध्ये दाबली जाऊन चाक ॲडजस्टरवर घट्ट बसते. त्या स्थितीत नट आवळावा, चाक उलटे फिरवून घडी काढून घ्यावी. मग स्लीव्ह नट, ॲडजस्टरचे लॉक नट आणि टॉर्क रॉडचा नट आवळावेत. ॲक्सलचा नट किती आवळायचा याचा आकडा पुस्तिकेत असतो. टॉर्क रेंच घरी नसेल, तर त्याच दिवशी जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन तो एक नट तपासून घ्यावा. यात कमीपणा काही नाही. स्प्लिट पिन नवीच घालावी. दोन-चार रुपयांची ती पिन वाकवून पुन्हा वाकवली, की तुटते.

नट आवळल्यावर सैलपणा पुन्हा मोजावा, कारण आवळताना तो हमखास थोडा बदलतो. ब्रेक पेडलची ढील पुस्तिकेप्रमाणे लावावी. चाक हाताने फिरवून ते मोकळे फिरते ना, ब्रेक घासत नाही ना, आणि पेडल सोडल्यावर मागचा दिवा विझतो ना, हे पाहावे. गल्लीत एक फेरी मारून सावकाश ब्रेक लावून पाहिला, की काम झाले. चेनचा ताण बरोबर असूनही गाडी गिअर बदलताना धक्के देत असेल, तर संशय मागच्या हबमधील रबरांवर घ्यावा. इंजिनाचे हिसके शोषून घेण्यासाठी ती तेथे बसवलेली असतात आणि ती झिजली, की धक्क्यांचा दोष विनाकारण चेनवर येतो.

वंगण : कमी पण वेळेवर

चेन वारंवार ॲडजस्ट करावी लागत असेल, तर खरा दोष बहुधा वंगणाचा असतो. दर ५०० किलोमीटरला चेनला ऑइल द्यावे, हा सर्वसाधारण नियम. रोज २० किलोमीटर प्रवास धरला, तर २५ दिवसांनी पाळी येते, म्हणजे जवळजवळ पगाराच्या तारखेला. पावसाळ्यात मात्र किलोमीटर मोजत बसू नये. उघड्या चेनच्या गाडीवर भर पावसात तासभर प्रवास झाला, तर बाहेरचे ऑइल धुऊन गेलेले असते. समुद्राकाठच्या गावांत खारी हवा गंजाला निमित्तच शोधत असते. अशा वेळी घरी आल्यावर चेन पुसून तिला पुन्हा हलका हात देणे हिताचे.

ऑइल कोणते? चेनसाठी मिळणारा स्प्रे किंवा एसएई ९० ग्रेडचे गिअर ऑइल, दोन्ही चालतात. गिअर ऑइल स्वस्त असते, थोडे उडते, चाकाच्या रिमवर डाग पडतात. रोजच्या गाडीला त्याने काही बिघडत नाही. ग्रीस मात्र बाहेरून थापू नये. ते घट्ट असल्याने पिन आणि बुशच्या फटीत शिरत नाही. उलट धूळ धरून ठेवते. ग्रीस आणि धूळ यांचे जे काळे मलम तयार होते, ते पॉलिश पेपरचेच काम करते. गॅरेजमधील जळके ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेले वापरलेले ऑइल, फुकट मिळते म्हणून चेनवर ओतण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. त्यात धातूचे सूक्ष्म कण आणि काजळी असते, शिवाय ते त्वचेलाही अपायकारक आहे. फुकटचे हे औषध नाकारलेलेच बरे.

ऑइल देण्यापूर्वी चेन स्वच्छ हवी. रॉकेल किंवा चेन क्लीनर, एक मऊ ब्रश आणि कोरडे फडके एवढ्यावर भागते. पेट्रोल वापरू नये. बंद पार्किंगमध्ये ते पेट घेण्याचा धोका असतोच, शिवाय सीलबंद चेनच्या रबरी रिंगांनाही ते मानवत नाही. अधिक क्षमतेच्या अनेक गाड्यांवर अशा सीलबंद चेन असतात. त्यांच्या कड्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असून पिन आणि बुशमधील ग्रीस कारखान्यातच भरून बंद केलेले असते. 'या चेनला ऑइल लागत नाही' हा गैरसमज येथूनच जन्मला. आतल्या पिनला लागत नाही, हे खरे. बाहेरचे रोलर, दात आणि त्या रबरी रिंगा कोरड्या पडू नयेत, यासाठी ते लागतेच. तारेचा ब्रश आणि वॉशिंग सेंटरमधील जोरदार पाण्याचा फवारा या रिंगांचे शत्रू आहेत. डिझेलचा फवारा मारून गाडी 'चकाचक' करून देणाऱ्यांना चेनपासून दूर राहण्यास सांगावे.

ऑइल नेहमी चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे दातांना टेकणाऱ्या बाजूला, खालच्या भागावर सोडावे. चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेने फेकले जाते आणि वाटेत सांध्यांमधून जाते. बाहेरून लावलेले मात्र थेट रस्त्यावर आणि पँटवर जाते. फेरफटका मारून आल्यावर, चेन कोमट असताना हे काम करावे, रात्रभर गाडी उभी राहू द्यावी आणि सकाळी जादाचे ऑइल पुसून टाकावे. टायरवर थेंब गेला असेल तर तो आधी पुसावा.

देखभाल कटकटीची वाटते, म्हणून किंवा गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून, काही तरुण चेन कव्हरच काढून टाकतात. हा मोह आवरलेला बरा. मागे बसणाऱ्या स्त्रीची साडी किंवा ओढणी चाकात अथवा चेनमध्ये अडकून होणारे अपघात आपल्याला नवे नाहीत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागच्या प्रवाशाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण दुचाकीवर बंधनकारक आहे. कव्हर आणि साडी गार्ड ही मोटारसायकलची शोभा बिघडवणारी अडगळ नाही.

बदलायची वेळ

चेन संपली हे ओळखण्यासाठी सर्वांत सोपी चाचणी म्हणजे मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी पाठीमागे चेन बोटांनी धरून मागे ओढून पाहणे. कव्हर असलेल्या गाडीत त्यासाठी मागचा भाग उघडावा लागेल. नवी चेन जागची हलत नाही. अर्ध्याहून अधिक दात दिसू लागला, तर चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही गेलेले आहेत. आकडा हवा असेल तर चेन ताणून धरून एका पिनच्या मध्यापासून मोजत एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचे, म्हणजे २० कड्यांचे, अंतर घ्यावे. ४२८ च्या नव्या चेनमध्ये ते २५४ मिलिमीटर भरते. ते २५७ च्या घरात गेले, की खर्चाची तयारी ठेवावी. बाद करण्याचा नेमका आकडा कंपनीगणिक बदलतो आणि तो पुस्तिकेत असतो. ॲडजस्टर शेवटच्या रेघेपर्यंत पोहोचले असतील, तर पट्टीचीही गरज नाही. अशा चेनमधली एखादी कडी काढून ती आखूड करून देणारे कारागीर आहेत. त्याने लांबी कमी होते. उरलेल्या प्रत्येक सांध्यातली झीज तशीच राहते आणि झिजलेली चेन दातांवर वर-वर चढत धावत राहते.

बदलताना पुढचे स्प्रॉकेट, मागचे स्प्रॉकेट आणि चेन एकत्रच बदलावीत. बाजारात 'चेन सेट' म्हणून मिळतो तो हाच. दात झिजून आकड्यासारखे वाकलेले असतील, तर त्यांच्यावर चढवलेली नवी चेन पाहता पाहता जुन्यासारखी होते. चेन वाचवण्यासाठी स्प्रॉकेटचे पैसे वाचवणे हा त्यामुळेच आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. सुट्या भागांच्या बाजारात बनावट खोक्यांचा सुळसुळाट असल्याने खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर करावी.

नवी चेन जोडणाऱ्या चेन लॉकला एक छोटी क्लिप असते. माशासारख्या दिसणाऱ्या या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला आणि उघडी शेपटी मागे, अशीच ती बसवावयाची असते. उलटी बसली, तर वाटेत एखादा खडा किंवा कव्हरची कड उघड्या टोकाला लागून ती निघून जाऊ शकते. गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना रबरी झाकण काढून एवढे एक पाहून घ्यावे. आणि नवी चेन सुरुवातीच्या काही दिवसांत थोडी सैल पडतेच, कारण सांधे जागेवर बसत असतात. त्यामुळे पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पट्टी पुन्हा एकदा बाहेर काढावी लागेल.